सायीतून आलेलं : अन्नातली प्रदूषकं आणि स्तनाचा कर्करोग

बारामती तालुक्यातल्या मोरगावसारख्या गावात सकाळी दूध संकलन केंद्रावर रांग लागते. किटलीतलं दूध मापात ओतलं जातं, त्यातला थोडा नमुना यंत्राच्या नळीखाली धरला जातो आणि मिनिटाभरात पडद्यावर आकडे उमटतात : फॅट म्हणजे स्निग्धांश आणि एसएनएफ म्हणजे स्निग्धांश सोडून उरणारे घन पदार्थ. म्हशीच्या दुधाला साडेसहा फॅट लागली की चेहरा खुलतो. गाईच्या दुधाला साडेतीनच्या खाली लागली की दर पडतो. मोरगाव-सुप्याच्या जिरायती पट्ट्यात पावसाचा भरवसा नाही. तिथे दर दहा दिवसांनी हाती येणाऱ्या दुधाच्या पगारावर किराणा, शाळेची फी आणि दवाखाना चालतो. दुधातल्या स्निग्धांशाकडे इतक्या बारकाईने पाहणारी माणसं दुसरीकडे क्वचितच सापडतील.

पण याच स्निग्धांशात आणखी काही उतरतं आणि ते त्या यंत्राला दिसत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९३ साली देशातल्या अन्नामधल्या विषारी अंशांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यासाठी १२ राज्यांतून गाई-म्हशींच्या दुधाचे २,२०५ नमुने तपासले होते. त्यांतल्या ८२ टक्के नमुन्यांत डीडीटी हे कीटकनाशक सापडलं. ३७ टक्के नमुन्यांत ते किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम या मर्यादेच्या वर होतं. मर्यादा ओलांडणाऱ्या नमुन्यांचं प्रमाण सर्वांत जास्त होतं ते महाराष्ट्रात : ७४ टक्के. म्हणजे त्या काळात आपल्या राज्यात तपासलेल्या दर चार नमुन्यांपैकी जवळपास तीन नापास झाले होते.

ते दूध पिऊन वाढलेल्या मुली आज चाळिशीत आहेत. स्तनाच्या कर्करोगाचा विचार करताना त्यांचं वय आणि त्यांचं त्या वेळचं बालपण या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. असं का, ते या प्रकरणात पाहू.

डीडीटी दुधात आलं कसं

डीडीटी कीटकांना मारतं हे स्विस रसायनशास्त्रज्ञ पाउल म्युलर यांनी १९३९ साली दाखवलं आणि १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. भारताला तेव्हा या औषधाची नितांत गरज होती. स्वातंत्र्याच्या वेळी देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि सुमारे आठ लाख माणसं त्याने दगावत. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, गावोगाव भिंतींवर डीडीटीची फवारणी झाली आणि साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत रुग्णांची संख्या लाखभरावर आली. डीडीटीने वाचवलेले हे जीव विसरून त्याला नुसतं खलनायक ठरवणं अन्यायाचं होईल.

घरांच्या भिंतींना लागलेलं औषध गोठ्यांपर्यंतही पोचलं. शेतातही डीडीटी होतं आणि त्याच्या जोडीला बीएचसी पावडर होती, जी गावात 'गमेक्झिन' म्हणून ओळखली जाई. पिकावर, हुमणीवर, वाळवीवर, कधी साठवणीच्या धान्याभोवतीही ती धुरळली जाई. वैरणीवाटे हे सगळं जनावराच्या पोटात गेलं.

ही रसायनं पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. चरबीत मात्र सहज विरघळतात. त्यामुळे ती लघवीवाटे बाहेर पडत नाहीत, शरीरातल्या चरबीत साठून राहतात. गाय-म्हैस दूध देते तेव्हा त्यातला काही भाग स्निग्धांशाबरोबर बाहेर येतो. सायीत तो जास्त, लोण्या-तुपात आणखी जास्त आणि ताकात कमी. माणसाच्या शरीरात शिरलेलं डीडीटी आणि त्यापासून बनणारं डीडीई निम्म्यावर यायला साधारण सहा ते दहा वर्षं लागतात.

साखळीतली प्रत्येक पायरी हे प्रमाण वाढवत नेते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेक या तलावात चिलटांचा बंदोबस्त करण्यासाठी डीडीटीचं भावंड असलेलं डीडीडी १९४९ पासून तीनदा टाकलं गेलं. पाण्यात ते दहा लाख भागांत ०.०२ भाग इतकंच होतं. सूक्ष्म शेवाळ-किड्यांत ते ५ भागांवर गेलं आणि मासे खाणाऱ्या पाणपक्ष्यांच्या चरबीत १,६०० भागांवर. पक्षी मरू लागले तेव्हा कुठे हे लक्षात आलं. राशेल कार्सन यांनी १९६२ साली 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकात ही हकीकत जगापुढे मांडली. त्या वेळी त्या स्वतः स्तनाच्या कर्करोगाशी झुंजत होत्या. १९६४ साली त्यांचं निधन झालं.

माणूस या साखळीच्या वरच्या टोकाला बसलेला आहे. आणि आईच्या अंगावर पिणारं बाळ आईच्याही वर.

तीस वर्षांचा वाद

डीडीटीचा आणि स्तनाचा संबंध असावा ही शंका जुनी आहे. १९५० साली अमेरिकेत दोन संशोधकांनी कोंबड्याच्या पिलांना डीडीटी टोचलं. ते नर वाढले, पण त्यांचे तुरे आणि वृषणं खुजी राहिली. डीडीटीचा एक प्रकार शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखा वागतो, हा त्याचा अर्थ होता. स्तनाच्या बऱ्याचशा कर्करोगांना इस्ट्रोजेनचं खतपाणी लागतं. त्यामुळे बाहेरून येणारं, इस्ट्रोजेनची नक्कल करणारं रसायन धोक्याचं ठरू शकतं.

माणसांवरचा पहिला ठळक पुरावा १९९३ साली आला. मेरी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधल्या स्त्रियांच्या रक्ताचे साठवलेले नमुने तपासले. ज्यांच्या रक्तात डीडीई सर्वांत जास्त होतं, त्यांना स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका सुमारे चौपट दिसला. जगभर खळबळ उडाली. पण पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात असा संबंध दिसला नाही. १९९७ साली अमेरिकी परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासातही दिसला नाही आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या लाँग आयलंडच्या अभ्यासातही नाही. प्रश्न निकालात निघाला, असं अनेकांना वाटलं.

बार्बरा कोन यांना तसं वाटलं नाही. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड भागात १९५९ ते १९६७ या काळात हजारो गरोदर स्त्रियांची नोंद करून त्यांचं रक्त गोठवून ठेवलं होतं. तो काळ डीडीटीच्या भरात असलेल्या वापराचा. कोन यांनी त्या रक्तातलं डीडीटी मोजलं आणि एक वेगळा प्रश्न विचारला : डीडीटी बाजारात आलं तेव्हा ही बाई किती वर्षांची होती?

२००७ साली उत्तर मिळालं. १९४५ च्या सुमाराला डीडीटीचा वापर सर्रास सुरू झाला. त्या वेळी ज्या १४ वर्षांच्या आत होत्या आणि ज्यांच्या रक्तात डीडीटी सर्वांत जास्त होतं, त्यांना पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका पाचपट होता. ज्या तेव्हाच मोठ्या झालेल्या होत्या, त्यांच्यात असा संबंध दिसला नाही. २०१५ साली कोन यांनी त्याच स्त्रियांच्या मुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. गरोदरपणी ज्यांच्या रक्तात डीडीटीचा इस्ट्रोजेनसारखा वागणारा प्रकार सर्वांत जास्त होता, त्यांच्या मुलींना बावन्नाव्या वर्षाच्या आत हा कर्करोग होण्याचा धोका ३.७ पट होता.

आधीचे अभ्यास खोटे नव्हते. त्यांतल्या बहुतेक स्त्रियांचं रक्त घेतलं गेलं तेव्हा त्या मध्यमवयीन होत्या आणि त्यांच्या वाढीच्या वयात काय घडलं होतं ते त्या रक्तावरून कळणं शक्य नव्हतं.

वय का महत्त्वाचं

स्तन हा जन्मतः पूर्ण तयार नसलेला अवयव आहे. गर्भात त्याचा पाया घातला जातो. साधारण आठ-नऊ ते चौदा-पंधरा या वर्षांत दूधनलिकांच्या टोकाला कळ्या फुटतात आणि त्यांतल्या पेशी झपाट्याने विभागत जातात. पहिल्या बाळंतपणात आणि अंगावर पाजताना हे काम पुरं होतं. पेशी पक्व होतात आणि बाहेरच्या आघाताला तितक्या बळी पडत नाहीत. रोप लहान असताना लागलेली कीड वाढलेल्या झाडाच्या किडीपेक्षा महाग पडते, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

किरणोत्सर्गाच्या बाबतीतही हेच दिसलं आहे. हिरोशिमा-नागासाकीच्या स्फोटांतून वाचलेल्या स्त्रियांत पुढे स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका सर्वांत जास्त वाढला तो ज्या त्या वेळी लहान किंवा वयात येणाऱ्या होत्या त्यांच्यात. कारण वेगळं, पण काळ तोच.

अन्नातल्या प्रदूषकांचा प्रश्न म्हणूनच पोरीच्या ताटापासून आणि गरोदर सुनेच्या ताटापासून सुरू व्हायला हवा. साठीतल्या आजीने आज तूप सोडलं तर तिच्या या धोक्यात फारसा फरक पडणार नाही.

बार्शीची वही काय सांगते

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. 'फवारणीमुळेच कॅन्सर वाढला' असं गावात सहज म्हटलं जातं. पण स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतीत आकडे इतकं सरळ बोलत नाहीत.

मोरगावपासून पूर्वेला, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी इथे १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, भूम आणि परांडा या तालुक्यांतल्या गावांमध्ये फिरून नोंदणीचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी रुग्णांची माहिती जमवली. त्या आधी, १९६० च्या दशकात, अशी नोंदणी मुंबईत सुरू झाली होती. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या तर बार्शीतलं स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण मुंबईच्या निम्म्याहूनही कमी दिसतं. कीटकनाशकांशी रोजचा संबंध मात्र गावाचा जास्त. कीटकनाशकं हेच मुख्य कारण असतं तर चित्र उलट दिसायला हवं होतं.

शहरात लग्नं आणि पहिली बाळंतपणं उशिरा होतात, मुलं कमी होतात, अंगावर पाजण्याचा काळ आखूड असतो आणि पाळी गेल्यानंतर वजन वाढतं. या गोष्टींचा स्तनाच्या कर्करोगाशी असलेला संबंध भक्कम पुराव्याने सिद्ध झाला आहे. दारूचाही. प्रदूषकांचा वाटा याच्या जोडीला येतो. तो एकेका बाईपुरता लहान असला तरी सगळ्या गावावर एकदम पडतो आणि तो निवडायचा की नाही हे तिच्या हातात नसतं.

गावंही आता बदलत आहेत. मुली शिकतात, लग्नं उशिरा होतात, कुटुंबं लहान झाली आहेत, आणि हा बदल चांगलाच आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग होतो आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने मरतात. मुलींच्या शिक्षणाची किंमत म्हणून हा आजार मान्य करणं शक्य नाही. म्हणून जे कमी करता येण्यासारखं आहे ते कमी करायला हवं.

आजचं पाणी, आजची द्राक्षं

डीडीटीचा शेतीतला वापर भारताने १९८९ साली थांबवला. बीएचसीवर १९९७ साली बंदी आली. नंतरच्या पाहण्यांत दुधातलं प्रमाण उतरत गेलेलं दिसतं. बंदी घातली की फरक पडतो, याचा हा पुरावा आहे. म्हणून हे वाचून कोणी लेकरांचं दूध तोडू नये. वाढत्या वयात दुधाची गरज मोठी आहे.

पण बारामती-इंदापूरच्या ताटात आता वेगळ्या वाटांनी वेगळी द्रव्यं येऊ शकतात. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीच्या जलाशयात जातं. उजनीचं बॅकवॉटर इंदापूर तालुक्याच्या उशाशी आहे. तिथली चिलापी, कटला, रोहू भिगवणच्या बाजारातून लांबवर जाते. पुरंदर उपसा सिंचन योजना मुळा-मुठेचं पाणी उचलून पुरंदर, दौंड आणि बारामतीच्या जिरायती गावांपर्यंत नेते. दुष्काळी रानाला हे पाणी जीवनदान आहे, त्याला नाही म्हणणं कोणत्याच शेतकऱ्याला परवडणार नाही. पण शहराने वापरलेलं पाणी आपल्या पालक-मेथीच्या वाफ्यात येत असेल तर त्यात काय आहे ते कळण्याचा हक्क त्या शेतकऱ्याला आहे.

अशा पाण्यातून येऊ शकणारा एक धातू म्हणजे कॅडमियम. तो काही फॉस्फेट खतांतूनही जमिनीत उतरतो आणि पालेभाज्या व धान्य तो मुळांवाटे उचलतात. स्वीडनमध्ये सुमारे ५६ हजार स्त्रियांच्या अभ्यासात, २०१२ साली, अन्नातून जास्त कॅडमियम घेणाऱ्यांत पाळी गेल्यानंतरच्या स्तनाच्या कर्करोगाचा धोका २१ टक्के जास्त आढळला. नंतरच्या काही अभ्यासांत हा संबंध टिकला नाही, म्हणून तो सिद्ध मानता येत नाही. पण एक गोष्ट पक्की आहे : अंगात लोह कमी असलं की आतडं कॅडमियम जास्त शोषून घेतं. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यामुळे एकाच विहिरीवरची, एकाच वाफ्यातली मेथी खाल्ली तरी घरातल्या बाईच्या अंगात पुरुषापेक्षा जास्त कॅडमियम उतरू शकतं. अंगणवाडीत आणि शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या नेमाने घेणं याही कारणासाठी मोलाचं आहे.

आता द्राक्षांचं उदाहरण पाहा. २०१० साली युरोपने भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडवले, कारण त्यांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला. या रसायनाचा स्तनाच्या कर्करोगाशी संबंध असल्याचा पुरावा नाही. अडचण होती ती नियमाची. बागायतदारांचं मोठं नुकसान झालं. पण त्यानंतर निर्यातीच्या बागांची तपासणी आणखी कडक झाली. पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात उर्वरित अंशांच्या तपासणीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे. निर्यातीच्या बागेची नोंद होते, फवारणीची वही ठेवली जाते, काढणीपूर्वी किती दिवस औषध थांबवायचं ते पाळलं जातं, नमुना जातो आणि अहवाल आल्यावरच माल निघतो. इंदापूर-बारामतीचा द्राक्षबागायतदार हे सगळं बिनचूक करतो. म्हणजे ज्ञान इथे आहे, प्रयोगशाळा इथे आहे, शिस्तही इथे आहे. नाही ते एवढंच, की हीच शिस्त गावच्या शाळेत शिजणाऱ्या भाजीला आणि मुलींच्या वाट्याच्या दुधाला लागू नाही.

घरात काय, गावात काय

घरात काही गोष्टी लगेच करता येतात. फळं-भाज्या वाहत्या पाण्यात चोळून धुतल्या तर सालीवरचा अंश कमी होतो. झाडाच्या आत मुरलेला मात्र धुऊन जात नाही. म्हणून औषध फवारल्यानंतर लेबलवर दिलेले दिवस थांबूनच तोडणी करणं हाच खरा उपाय, आणि घरच्या खाण्यासाठी तोडतानाही तो पाळायला हवा. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाची औषधं सर्वांत जहाल. त्यांचे रिकामे डबे धुऊन पाण्याला, तेलाला किंवा धान्याला वापरू नयेत, भोक पाडून टाकावेत. फवारणीचे कपडे बहुतेक घरी बाईच धुते, अनेकदा गरोदर असतानाही. ते वेगळे भिजवावेत आणि ज्याने फवारलं त्यानेच धुवावेत.

गरम चहा किंवा आमटी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणायची सवय सोडावी. अमेरिकेत आना सोटो आणि कार्लोस सोन्नेनशाइन यांच्या प्रयोगशाळेत स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी इस्ट्रोजेन न घालताही वाढू लागल्या. शोध घेतला तेव्हा प्लास्टिकच्या नळ्यांतून झिरपणारं नॉनिलफिनॉल हे रसायन सापडलं. १९९१ साली त्यांनी ते जाहीर केलं. उष्णता आणि तेल-तूप असलं की असं झिरपणं वाढतं. स्टीलचा डबा आपल्याकडे घरोघर आहे, तोच न्यावा.

आणि अंगावर पाजणं थांबवू नये. आईच्या दुधात अंश असले तरी बाळाला त्याचा फायदा कितीतरी जास्त आहे, आणि आईलाही. ३० देशांतल्या ४७ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २००२ साली झालं. पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागे आईचा स्तनाच्या कर्करोगाचा धोका ४.३ टक्क्यांनी उतरतो, असं त्यात दिसलं.

ज्यांचं बालपण मागे पडलं आहे, त्यांच्यासाठी लवकर निदान हेच मोठं हत्यार. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या तपासणीने आजार लवकरच्या टप्प्यात सापडू लागला, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. त्यासाठी मोठं यंत्र लागलं नाही. न दुखणारी गाठ, आत ओढलेलं बोंड, कातडीवर पडलेला खळगा, बोंडातून येणारं रक्त : यांतलं काहीही दिसलं तर आशाताईंना किंवा उपकेंद्रात त्याच आठवड्यात सांगावं. 'दुखत नाही ना, मग बघू दिवाळीनंतर' या वाक्याने अनेक घरं उघडी पडली आहेत.

पण पाण्याचं, दुधाचं आणि जमिनीचं काम एकट्या बाईने स्वयंपाकघरात उरकायचं नाही. ते ग्रामसभेचं, दूध संघाचं आणि सरकारचं आहे. तालुक्यातल्या संकलन केंद्रांवरच्या दुधाचे एकत्रित नमुने वर्षातून दोनदा कीटकनाशकांसाठी तपासता येतात. उपसा योजनांच्या पाण्यातले आणि त्यावर पिकलेल्या पालेभाज्यांतले जड धातू मोजून आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावता येतात. शालेय पोषण आहाराचं धान्य, डाळ आणि भाजी निर्यातीच्या द्राक्षांच्या कसोटीवर घेता येते. यातलं एकही काम आपल्या आवाक्याबाहेरचं नाही, कारण परक्या गिऱ्हाइकासाठी ते आपण करतोच आहोत. आठ ते चौदा वर्षांच्या मुली आज शाळेत आहेत, त्यांची नावं हजेरीपटावर आहेत आणि त्या काय खातात हे गावाला माहीत आहे. तपासणीची सुरुवात त्यांच्या ताटापासून करावी, आणि येत्या ग्रामसभेत हा विषय कोणीतरी मांडावा.